मुरमेवाडीचं शून्य

७ ऑगस्ट, बुधवार

आज आमची मुरमेवाडी लोकसभेत पोचली. माणसं नाही, नुसतं नाव.

दुपारी खिचडीची चव घेऊन वहीत 'चांगली' असं लिहीत होते — रोज चांगलीच लिहायची असते — तेवढ्यात सरपंच कल्याणभाऊ मोबाईल उंच धरून शाळेत शिरले. "बाई, हातातलं ठिवा आन् हे बगा." पंतप्रधान उत्तर देत होते. समोरच्या बाकावरच्या कुणा खासदाराने विचारलेलं, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं शाळा सोडतात, त्यावर देशाचं धोरण काय? पंतप्रधान आधी योजनांवर बोलले, मग आकड्यांवर. मग थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, महाराष्ट्रात नगर जिल्ह्यात मुरमेवाडी नावाचं गाव आहे, तिथून आज एकही कुटुंब स्थलांतर करत नाही. एकही नाही! बाकं वाजली.

कल्याणभाऊंनी तेवढाच तुकडा चार वेळा लावला. चारही वेळा बाकं वाजली. ते शून्य माझ्या हातचं आहे.

८ ऑगस्ट

कसं झालं ते एकदा कागदावर उतरवते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

गेल्या वर्षी स्थलांतराचा सर्व्हे निघाला. आदेश आला ऑक्टोबरात, फॉर्म आले डिसेंबरात आणि भरून द्यायचे होते परवापर्यंत. गावात एकशे बारा घरं. चौसष्ट घरांना कुलूप — ती माणसं दिवाळी करून तोडीला गेलेली, कुणी कोल्हारकडे, कुणी थेट कर्नाटकात. उरलेल्या अठ्ठेचाळीस घरी गेले. प्रश्न एकच — 'आपण कामासाठी हंगामी गाव सोडून जाता काय?' जाणारा माणूस डिसेंबरात घरी कसा सापडणार? जो सापडला तो म्हणाला, "आमी कुटं जातो बाई, हितंच तर हाय." अठ्ठेचाळीस वेळा 'नाही' लिहिलं.

बंद घरांचं काय करायचं म्हणून केंद्रप्रमुखांना फोन लावला. आमच्या दहा शाळांवरचे साहेब. ते म्हणाले, "बाई, घरात जे भेटलं तेवढंच लिहा. मनानं काही घालू नका." मी मनाने काही घातलं नाही. बेरीज केली, शून्य आलं. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. शून्यही गोल काढलं.

आणि हे सगळं लिहीत होते तेव्हा मागच्या खोलीत एकतीस पोरांच्या भाकरी थापल्या जात होत्या. हंगामी वसतिगृहाच्या. नाव मोठं, पण गोष्ट साधी — आईबाप उसाच्या फडात गेले की पोरांनी दोन वेळ शाळेत जेवायचं, झोपायला आजी-आजोबांकडे जायचं. म्हणजे पाच महिने शाळा बुडत नाही. एकतीस स्थलांतरितांची पोरं जेवू घालत मी स्थलांतर शून्य लिहिलं. तेव्हा काहीच खटकलं नाही. जेवणाचा कागद वेगळा, सर्व्हेचा कागद वेगळा!

१५ ऑगस्ट

झेंडा झाला आणि सत्कार झाला. शाल, नारळ. केंद्रप्रमुखांनी भाषणात 'बाईंच्या अथक प्रयत्नांतून' असं तीन वेळा म्हटलं. पुढच्या रांगेत अंगद बसला होता. गेली चौदा वर्षं न चुकता तोडीला जातो. सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्या.

नंतर त्याची बायको सविता जवळ आली. हळूच विचारते, "बाई, गावातून कोनीच जात न्हाई म्हनं. मंग आमी जातो ते कुटून जातो?"

मी हसले. ती पण हसली. शाल मात्र घेतली मी. नको म्हणता आलं असतं.

२९ ऑगस्ट

अभ्यास दौरा आला. दोन गाड्या, बावीस माणसं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. सकाळी हिवरे बाजार पाहिलं, दुपारी आमच्याकडे. तिथे बंधारे बघितले, झाडं बघितली, ग्रामसभा ऐकली. इथे काय दाखवायचं? कल्याणभाऊंनी नवीन रंगवलेली कमान दाखवली.

एक मुलगी वही उघडून म्हणाली, "मॅडम, तुमचं नेमकं मॉडेल काय?"

जिभेवर आलं होतं — कुलूप. गिळलं. 'लोकसहभाग' म्हटलं. तिने लिहून घेतलं.

१२ सप्टेंबर

हसू संपलं.

वसतिगृहाचा प्रस्ताव परत आला. चौतीस पोरांची यादी पाठवली होती. वर लाल शाईने लिहिलंय, 'सदर गावात स्थलांतर निरंक असल्याने वसतिगृह अनुज्ञेय नाही.' खाली सही.

चौतीस पोरं. यादीत पहिलं नाव निकिताचं. अंगद-सविताची थोरली, सहावीत आहे. अपूर्णांक तोंडी सोडवते आणि माझी चूक झाली तर लाजत नाही, सरळ सांगते. तीन वर्षं दगडाबाईकडे, म्हणजे आजीकडे राहून शिकली. म्हातारीला दिसत कमी. पोरीला झोपायला जागा देऊ शकते, दोन वेळचं करून घालू शकत नाही. वसतिगृहाचं जेवण नसेल तर निकिता तोडीला जाणार, यात कुणाला शंका नाही. तिला तर अजिबातच नाही. मला म्हणाली, "बाई, पुस्तकं दिवाळीच्या आदी संपवा ना."

२० सप्टेंबर

आठ दिवस घरोघर फिरून चौसष्ट कुटुंबांच्या सह्या-अंगठे घेतले. 'आम्ही दरवर्षी ऊसतोडीला जातो.' गठ्ठा घेऊन तालुक्याला गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा दिला. सह्या चाळल्या.

"हे सगळे आत्ता कुठे आहेत?"

"घरी."

"मग स्थलांतरित कसे झाले, मॅडम? आज ते रहिवासी आहेत. गेल्यावर सह्या आणा."

"गेल्यावर सह्या कशा आणू?"

साहेबांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "तो तुमचा प्रश्न आहे." जाताना दारापर्यंत सोडायला आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, सभागृहात उत्तर झालंय. पंतप्रधान बोललेत. आता मी इथून काय लिहू, की आमच्या एका मास्तरणीची बेरीज चुकली?"

हो. तेच लिहायला हवं. तेवढंच तर झालंय.

१ ऑक्टोबर

थेट दिल्लीला पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा ठेवलं. चूक माझी आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलं. सोबत चौसष्ट सह्या. 'योग्य मार्गाने' पाठवायचं म्हणून केंद्रप्रमुखांकडे दिलं. त्यांनी पाकीट असं धरलं, जणू आत विंचू आहे.

१८ ऑक्टोबर

पत्र परत. जिल्ह्याचं नाव बदललं, आता अहिल्यानगर, आणि माझ्या शाळेच्या शिक्क्यावर जुनंच. नवीन शिक्का करून पुन्हा पाठवावं. शिक्का करायला मंजुरी लागते. मंजुरी आता मिळणार नाही, आचारसंहिता लागली.

पदरच्या पैशांनी कर्जतच्या बाजारात शिक्का करून घेतला. पुन्हा पाठवलं. आचारसंहितेत बसतं की नाही माहीत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. माझी ड्युटी आमच्याच शाळेत. तोडीच्या गाड्या दोन दिवस थांबवून ठेवल्या होत्या, सगळ्या पक्षांनी मिळून — एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत. चौसष्ट घरांतली माणसं रांगेत उभी राहिली. नाव पुकारलं की पुढे यायची, शाई लावून घ्यायची. यादीत एकेकाचं नाव, वय, नवऱ्याचं नाव, फोटो, सगळं बरोबर. म्हणजे आहेत ही माणसं.

२१ नोव्हेंबर

सकाळी अकरा गाड्या गेल्या. भांडी, पाचट बांधायच्या दोऱ्या, कोंबड्या, पोरं.

२३ नोव्हेंबर

सगळी पोरं गेली नाहीत. अकरा राहिली.

झालं असं की गाड्या निघायच्या आदल्या आठवड्यात दगडाबाई शाळेत आली. काठी टेकत, अंदाजाने पायऱ्या चढत. ओच्यातून ज्वारी काढून माझ्या टेबलावर ओतली, हजेरीपटावरच. "माज्या नातीपुरती. करनारं कोनी बगा." मग कल्याणभाऊंना भरीला पाडलं. त्यांनी सिलिंडर दिला. कमानीवर एवढा खर्च झालेला, त्यांना नाही म्हणता आलं नाही. आणखी दहा घरांनी ज्वारी दिली. शाळेत खिचडी शिजवणारी छबूबाई भाकरी करायला तयार झाली. सरकारी नाही, कुणाची मंजुरी नाही, नुसती चूल.

अंगद मला म्हणाला, "तुमी हाय म्हनून पोरगी ठिवतो, बाई. शिकायचं तर शिकू दे. पर जेवनाचा खाडा झाला तर मला कारन सांगायचं न्हाई, मी येऊन घिऊन जाईन. पोर उपाशी ठिवून मला शाळा नको."

बरोबर बोलला. मी म्हटलं, खाडा होणार नाही.

२ डिसेंबर

आज मेथीची भाजी होती. निकिताने अपूर्णांकाची सगळी प्रश्नावली संपवली. मला बरं वाटतंय. फार दिवसांनी.

९ डिसेंबर

दिल्लीचं पथक परवा येणार. शून्य बघायला.

केंद्रप्रमुख स्वतः आले. शाळा बघितली, रंग बघितला, मागच्या खोलीत चूल बघितली आणि तिथेच उभे राहिले. "बाई, हे काय?" सांगितलं. ते भिंतीला टेकून म्हणाले, "त्यांनी विचारलं, ही पोरं कुणाची, इथे का जेवतात, तर काय सांगायचं? तुमची चौकशी लागेल. माझी लागेल. पुढं किती वर जाईल सांगता येत नाही. फक्त दोन दिवस बंद ठेवा. दहा आणि अकरा. बाराला पेटवा, मी सिलिंडर देतो."

दोन दिवस. मला खरं तर म्हणता आलं असतं की येऊ दे पथक, हीच चूल दाखवते, एवढाच तर पुरावा आहे माझ्याकडे. सह्या चालत नाहीत, पत्र जात नाही, पण अकरा पोरं ताट घेऊन बसलेली तरी दिसतील! हे आत्ता लिहिताना सुचतंय असं नाही. तेव्हाही सुचलं होतं. पण चौकशी हा शब्द ऐकला. सतरा वर्षांची नोकरी आहे.

हो म्हटलं. पोरांना सांगितलं, दोन दिवस शेजारी जेवा.

११ डिसेंबर

पथक आलं. चौघेजण, फार सभ्य. गावातून चालत गेले. गल्ल्या मोकळ्या, आवाज नाही. कल्याणभाऊंनी आदल्या दिवशी पुढच्या गल्लीतली कुलपं काढून नुसत्या कड्या लावून ठेवल्या होत्या — किल्ल्या त्यांच्याचकडे ठेवून जातात सगळे.

"लोक कुठे आहेत?" पथकातल्या बाईंनी विचारलं.

"शेतात गेलेत, मॅडम," कल्याणभाऊ म्हणाले. खोटं नाही. कुणाच्या शेतात ते विचारलं नाही.

त्यांनी देवळापाशी बसलेल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना विचारलं, तुम्ही गाव सोडून कामाला जाता का? म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. दगडाबाई त्यांच्यातच होती. ती म्हणाली, "मी आता कुटं जानार? मला दिसत न्हाई." दुभाष्याने पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सोडून दिलं.

माझ्याशी बोलले तेव्हा केंद्रप्रमुख माझ्या डाव्या हाताला उभे होते. बाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्हीच नोंदवलं ना?" मी म्हटलं, "हो, नोंद माझीच आहे." तेही खोटं नाही. आज कुणीच खोटं बोललं नाही.

१३ डिसेंबर

चूल काल पेटली. ताटं अकरा मांडली, उठली दहा.

दुपारी दगडाबाईकडे गेले. ओट्यावर बसली होती. माझी चाहूल लागल्यावर तोंड वळवलं नाही. "न्हेली. काल सकाळी आल्ता, गाडीवर बसवून न्हेली. दोन दिस पोर ताट घिऊन शेजारी हिंडली. कोन म्हनलं ये, कोन म्हनलं आमचंच संपलं. एका घरी दार लावून घेतलं. बापाला कळायचं ऱ्हातंय व्हय?"

मग म्हणाली, "तुमास्नी न्हाई मी काय म्हनत, बाई."

म्हणायला हवं होतं. मला माझी लाज वाटते. दुसरं काही लिहिता येत नाही.

१४ डिसेंबर

अंगदला फोन केला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "तुमचा काय दोस न्हाई, बाई. तुमालाबी वरून असतंय." मागे कोयत्याचा आवाज येत होता.

२२ डिसेंबर, रविवार

एसटीने कोल्हारला गेले. तिथून पुढे रिक्षा, मग बांधावरून चालत. पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओळीने. निकिताला न्यायला आले असं सांगितलं. म्हटलं, माझ्या घरी कर्जतला राहील, माझ्याबरोबर शाळेत येईल-जाईल, जेवणाखाण्याचं मी बघते. हे नोव्हेंबरातच म्हणायला हवं होतं, हे सगळ्यांना कळत होतं, पण सविता तसं बोलली नाही. चहा दिला. म्हणाली, "आता दिसाला जादा टनाचं बोलून बसलोय मुकादमाशी... आठ दिस हिच्या हातानं मोळ्या बांधतोय, तवा कुटं गाडी येळंवर भरती. हंगाम होऊ द्या."

निकिताच्या हातांना पाचटाने चरे पडलेत. गणिताचं पुस्तक दिलं. तिने ते कोपीत वर, ओलं होणार नाही अशा जागी ठेवलं. उघडलं नाही.

७ फेब्रुवारी

पुन्हा प्रश्न निघाला. त्याच खासदाराने विचारलं, मुरमेवाडीचा आकडा खरा आहे का? म्हणजे माझं पत्र कुठेतरी पोचलं असावं. शाळेच्या व्हरांड्यात कल्याणभाऊ, मी, छबूबाई, सगळे मोबाईलवर वाकून बसलो. मला वाटलं आता. आता म्हणतील.

पंतप्रधान म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या शंकेचं स्वागत आहे. आम्ही तिथे पथक पाठवलं. पथकाने प्रत्यक्ष गावात जाऊन, ग्रामस्थांशी बोलून, आकड्याची खात्री केली आहे.

बाकं आधीपेक्षा जास्त वाजली. एवढे दिवस ते नुसतं शून्य होतं. आता तपासलेलं शून्य आहे. मीच तपासून दिलं.

कल्याणभाऊंनी या वेळी तुकडा परत लावला नाही. मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, आपन त्या दिशी बोलाया पायजे हुतं." पहिल्यांदाच त्यांना 'आपण' म्हणताना ऐकलं.

१८ मार्च

पत्राचं उत्तर. छापील, सुंदर कागद. सभागृहात दिलेल्या उत्तरात दुरुस्ती मूळ माहितीत दुरुस्ती झाल्याशिवाय करता येत नाही. मूळ माहितीत दुरुस्ती नवीन सर्वेक्षणाशिवाय करता येत नाही. नवीन सर्वेक्षण नियोजित आहे. शेवटी माझ्या जागरूकतेबद्दल आभार.

२ एप्रिल

गाड्या परत यायला लागल्या. गावात आवाज आला.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. नवीन सर्व्हेचे फॉर्म आज मिळाले. जूनमध्ये! सगळे घरी असताना. केंद्रप्रमुख म्हणाले, "घ्या, झालं तुमच्या मनासारखं." फॉर्मला आता चार पानं आहेत आणि प्रत्येक माणसाला वेगळी ओळ — वर शिकणारे, खाली काम करणारे. या वेळी एकही घर सोडायचं नाही. हा सर्व्हे नीट वर गेला तर येत्या दिवाळीत चूल सरकारी पेटेल.

१८ जून

अंगदच्या घरी सगळेच होते. किती जण तोडीला जाता, विचारलं. सविता म्हणाली, "आदी दोगं जायचो. आता तिगं लिवा." निकिता दारात उभी होती, उंच दिसली. मी तिचं नाव वरच्या रकान्यात, इयत्ता सातवी असं लिहायला घेतलं. तिने वाकून बघितलं आणि बोट ठेवलं. "बाई, चुकलं. माझं खाली येतंय."

मी खोडलं आणि खाली लिहिलं.